गुदाशयाचा कर्करोग आणि एक मोठी शस्त्रक्रिया



आजचा विषय चारचौघांत काढण्याजोगा नाही, असे आपल्यापैकी काहींना वाटेल, आणि त्यांचा संकोच मला समजतो. मी शाळामास्तर आहे. आठवीच्या वर्गाला पचनसंस्था शिकविताना आम्ही तोंडापासून आरंभ करतो. अन्ननलिका, जठर, लहान आतडे, मोठे आतडे असा प्रवास करीत खाली येतो, आणि शेवटच्या, वीतभरही नसलेल्या भागापाशी पोचलो की मुले माना खाली घालून खुदखुदू लागतात, मास्तर घाईने फळा पुसतो आणि तास संपतो. वीस-बावीस वर्षे मीही हेच करीत आलो. त्या भागाला गुदाशय म्हणतात. त्याची लांबी सुमारे १५ सेंटिमीटर. त्याला कर्करोग होतो, तो वाढू दिला तर शेजारच्या अवयवांत शिरतो, आणि तशा अवस्थेतही काही रोग्यांना एका अतिशय मोठ्या शस्त्रक्रियेने वाचविता येते. हे सारे मला माझ्या शेजाऱ्यांमुळे कळले. मी वैद्य नव्हे. त्यांच्याबरोबर मुंबईच्या फेऱ्या करताना डॉक्टरांना जे विचारले आणि पुढे वाचून जे समजून घेतले, तेवढेच आज सांगणार आहे.

इंदूरच्या पोलोग्राउंडवर आता कोणी पोलो खेळत नाही. संस्थानी काळाची आठवण नावात तेवढी उरली आहे. आज तेथे वीज कंपनीचे मोठे कार्यालय आहे, आणि त्याच्या आसपास लहानमोठ्या कारखान्यांच्या शेडी आहेत. अशाच एका शेडीत आमचे शेजारी लेथवर काम करीत. त्यांना आपण तात्या म्हणू. गल्लीत सगळे तसेच म्हणतात. २०२२ साली त्यांचे वय ५६ होते. त्याच्याही आधी वर्षभर त्यांना शौचावाटे रक्त जात होते आणि त्यांनी ते कोणाला सांगितले नव्हते. काकूंना पहिल्यांदा कळले ते धुण्यातून.

रक्त म्हणजे मूळव्याध, हे समीकरण आपल्याकडे इतके पक्के आहे की तात्यांनाही त्याबद्दल शंका आली नाही. शहरातील एका मूळव्याधीच्या 'खात्रीशीर' दवाखान्यात ते आठ-नऊ महिने जात राहिले. तेथे त्यांना चूर्ण मिळाले, मलम मिळाले, तिखट खाऊ नका असा सल्ला मिळाला. एक गोष्ट मात्र मिळाली नाही. त्यांना कोणी पलंगावर कुशीवर निजवून, हातमोजा घालून, बोटाने तपासले नाही. नंतर एका मोठ्या रुग्णालयातील तरुण डॉक्टरणीने ते पहिल्याच भेटीत केले. त्या तपासणीला दोन मिनिटेही लागली नाहीत. बोट सुमारे सात-आठ सेंटिमीटर आत पोचते, म्हणजे गुदाशयाचा निम्मा भाग त्याने चाचपता येतो. गाठ तेथेच होती, खडबडीत, कडेने उचललेली आणि हलविता न येणारी. 'हलत नाही' हे शब्द तिने कागदावर लिहिले तेव्हा मला त्यांचे महत्त्व कळले नाही. पुढचे सगळे त्या दोन शब्दांत होते.

मूळव्याधीचे रक्त बहुधा शेवटी थेंबथेंब पडते, तर कर्करोगाचे पुष्कळदा शेंबासारख्या पदार्थात मिसळून येते, असे सांगतात. परंतु घरबसल्या एवढ्या खुणेवर विसंबणे धोक्याचे आहे, कारण एकाच माणसाला दोन्ही असू शकतात. शौचाची वेळ बदलणे, पोट साफ झाल्यासारखे न वाटणे, पुन्हापुन्हा जावेसे वाटणे, रक्त कमी होऊन दम लागणे, वजन उतरणे, यांतले काही रक्ताच्या जोडीला आले तर दुर्बिणीने तपासून घ्यावे आणि तुकडा काढून प्रयोगशाळेत पाठवावा. चाळिशीच्या आतल्या माणसाला हा रोग होत नाही, हीदेखील एक गैरसमजूत आहे. आपल्या देशात हा रोग पाश्चात्य देशांच्या मानाने कमी आहे; पण ज्यांना होतो त्यांत तरुणांचे प्रमाण डोळ्यांत भरण्याजोगे आहे आणि पुष्कळजण उशिरा येतात, हे आपले डॉक्टर वारंवार सांगत असतात.

आता 'हलत नाही' या शब्दांकडे येऊ. आपले ओटीपोट म्हणजे हाडांचे एक अरुंद नरसाळे आहे. मागे त्रिकास्थी आणि माकडहाड, दोन्ही बाजूंना कमरेची हाडे, आणि या एवढ्याशा जागेत गुदाशय, मूत्राशय, पुरुषांत पुरःस्थ ग्रंथी, स्त्रियांत गर्भाशय आणि योनिमार्ग, शिवाय मूत्रपिंडांकडून येणाऱ्या दोन नळ्या, पायांकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू. जुन्या वाड्यातली बिऱ्हाडे जशी एकमेकांच्या भिंतीला भिंत लावून असतात, तसे हे अवयव असतात. गुदाशयाभोवती चरबीचे एक वेष्टन असते, आणि रोग त्या वेष्टनाच्या आत आहे तोवर गाठ बोटाखाली थोडी हलते. वेष्टन ओलांडून ती शेजारच्या भिंतीला चिकटली की हलत नाही. तात्यांची गाठ पुढे मूत्राशयाला आणि पुरःस्थ ग्रंथीला चिकटली होती.

वाळवी दोन बिऱ्हाडांमधल्या भिंतीत शिरली तर आपल्या बाजूचा गिलावा खरवडून भागत नाही. शल्यविशारदांना हे समजायला फार वर्षे लागली. पॅरिसच्या लिस्फ्रांक यांनी १८२६ मध्ये गुदाशयाचा कर्करोग खालच्या बाजूने कापून काढला, परंतु पुढची ऐंशी वर्षे अशा रोग्यांपैकी बहुतेकांचा रोग परत येत राहिला. लंडनचे अर्नेस्ट माइल्स हे प्रामाणिक गृहस्थ होते. त्यांनी स्वतः खालून केलेल्या ५७ शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला, तेव्हा त्यांपैकी ५४ जणांत रोग परतला होता. आपले अपयश असे आकड्यांत मांडणे सोपे नसते. मेलेल्या रोग्यांची शवविच्छेदने करून त्यांनी पाहिले की रोग वरच्या दिशेने, रसग्रंथींच्या वाटेने पसरतो. मग १९०८ साली त्यांनी पोटाकडून आणि खालून अशा दोन्ही बाजूंनी गुदाशय त्याच्या रसग्रंथींसकट काढण्याची पद्धत प्रसिद्ध केली. रोग्याला पोटावर कायमचे मलद्वार आले, आरंभी शस्त्रक्रियेतच पुष्कळ रोगी दगावले, तरी हळूहळू माणसे जगू लागली. पुढे इंग्लंडमधील बेझिंगस्टोक या लहान गावच्या बिल हील्ड यांनी १९८२ मध्ये दाखवून दिले की ते चरबीचे वेष्टन न फाडता, त्याच्या बाहेरच्या नाजूक फटीतून गेले तर रोग परतण्याचे प्रमाण फार खाली येते. त्या फटीला त्यांनी 'पवित्र प्रतल' असे नाव दिले. शस्त्र हाती घेतलेल्या माणसाने हा शब्द वापरावा, याची मला, रविवारी चर्चला जाणाऱ्या माणसाला, मोठी गंमत वाटली.

परंतु रोगाने ते प्रतल ओलांडले असेल तर काय? याचे उत्तर आधीच, १९४८ साली, न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातील अलेक्झांडर ब्रुन्श्विग यांनी दिले होते. त्यांच्यासमोर मुख्यतः गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने पीडित स्त्रिया होत्या. किरणोपचार करूनही रोग उलटलेला, लघवी आणि मळ रोगाने पोखरलेल्या भोकांतून एकत्र वाहणारे, असह्य वेदना, आणि घरच्यांनीही खोलीत येणे टाळावे अशी दुर्गंधी. ब्रुन्श्विग यांनी ओटीपोटातील सारे अवयव, म्हणजे मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय, एका जुडग्यात काढून टाकले. पहिल्या २२ रोग्यांपैकी पाच शस्त्रक्रियेमुळे मरण पावले. त्या काळी अनेक सहव्यवसायिकांना हा प्रकार क्रूरपणाचा वाटला. मला स्वतःला वाटते की ज्यांनी त्या स्त्रियांचे आधीचे हाल पाहिले नव्हते, त्यांना तसे वाटणे सोपे होते. आणि तरीही २२ पैकी पाच हा आकडा विसरता येत नाही. या शस्त्रक्रियेला पेल्व्हिक एक्झेंटरेशन म्हणतात. मराठीत तिला ओटीपोट रिक्त करणे म्हणावे लागेल. तिच्या कल्पनेत एक तर्क आहे, तो ध्यानात घेण्याजोगा आहे. काही कर्करोग लवकर रक्तातून यकृतात आणि फुप्फुसांत जातात. काही मात्र जागच्या जागी पुष्कळ वाढतात आणि दूर जात नाहीत. या दुसऱ्या जातीच्या रोग्याला सगळा रोग एकाच जागी, एकाच जुडग्यात सापडतो. तो जुडगा संपूर्ण निघाला तर माणूस बरा होऊ शकतो.

मूत्राशय गेल्यावर लघवीचे काय करायचे, हा प्रश्न ब्रुन्श्विग यांना नीट सुटला नव्हता. त्यांनी मूत्रवाहिन्या मोठ्या आतड्यातच सोडल्या, म्हणजे मळ आणि लघवी एकाच तोंडातून. त्यामुळे घाण वर चढून मूत्रपिंडे बिघडत. सेंट लुइसचे यूजीन ब्रिकर यांनी १९५० मध्ये वेगळी युक्ती प्रसिद्ध केली. लहान आतड्याचा पंधरा-वीस सेंटिमीटरचा तुकडा त्याच्या रक्तवाहिन्यांसकट वेगळा करायचा, उरलेले आतडे पुन्हा जोडून टाकायचे, त्या तुकड्याच्या एका टोकाला दोन्ही मूत्रवाहिन्या शिवायच्या आणि दुसरे टोक पोटाच्या उजव्या बाजूस बाहेर काढायचे. हा तुकडा लघवी साठवीत नाही, नळीसारखा वाहून नेतो. आज सत्तर-पंचाहत्तर वर्षांनंतरही बहुतेक ठिकाणी हेच करतात.

तात्यांना घेऊन आम्ही दिवाळीनंतर अवंतिका एक्सप्रेसने मुंबईस गेलो. इंदुरात वैद्यकीची परंपरा जुनी आहे. १८७८ पासून येथे वैद्यकशाळा आहे आणि आज कर्करोगावरील उपचारही येथे होतात. पण या विशिष्ट शस्त्रक्रियेसाठी अनेक जातींचे शल्यविशारद एका टेबलाभोवती लागतात आणि त्यांना तिचा नेहमीचा सराव लागतो, म्हणून येथल्याच डॉक्टरांनी परळला जा असे सांगितले. टाटा स्मारक रुग्णालय २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झाले. लेडी मेहरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, त्यानंतर टाटांच्या विश्वस्त निधीतून ते उभे राहिले. १९६२ पासून ते अणुशक्ती खात्याकडे आहे. त्याच्या दारावरून जो रस्ता जातो त्याला डॉ. अर्नेस्ट बोर्जेस यांचे नाव आहे. मूळचे गोव्याचे हे शल्यविशारद १९६९ साली वारले, आणि योगायोग असा की ब्रुन्श्विगही त्याच वर्षी गेले. बोर्जेस यांच्या नावाने वांद्र्याला बाहेरगावच्या रोग्यांसाठी निवासही आहे. आमची सोय मात्र दादरला संत गाडगे महाराजांच्या नावाच्या धर्मशाळेत झाली. तेथे एकाच दालनात विदर्भ, बंगाल, बिहार, आणि आम्ही माळव्याचे. संध्याकाळी बायका भाजी निवडताना आपापल्या रोगांची नावे इतक्या सहज घेत की पोलोग्राउंडवरून वर्षभर गप्प बसून आलेले तात्या प्रथम बावरले आणि मग बोलू लागले.

शस्त्रक्रिया लगेच करीत नाहीत. आधी चुंबकीय प्रतिमा काढून गाठ कोणत्या भिंतीपर्यंत गेली आहे याचा नकाशा करतात, आणि छाती व यकृत यांत रोग नाही याची खात्री करून घेतात. नंतर तात्यांना पाच आठवडे, आठवड्यातून पाच दिवस, असे २५ वेळा किरण दिले आणि त्याबरोबर रसायनाच्या गोळ्या. मग काही आठवडे थांबून पुन्हा प्रतिमा. कधी या उपचारानेच गाठ इतकी आकसते की लहान शस्त्रक्रिया पुरते. क्वचित ती संपूर्ण नाहीशीही होते, आणि तेव्हा शस्त्राऐवजी कडक पहारा ठेवतात. तात्यांची गाठ लहान झाली, पण भिंत सोडीना.

त्या दिवशीचे बोलणे मला जवळजवळ शब्दशः आठवते. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढले. गुदाशय, मूत्राशय आणि पुरःस्थ ग्रंथी एकत्र काढावी लागेल. पोटावर दोन तोंडे होतील, डावीकडे मळाचे, उजवीकडे लघवीचे, दोन्हींवर पिशव्या, दोन्ही कायमच्या. पतिपत्नींचे शारीरिक संबंध संपतील; हेही त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितले, काकू समोर असतानाच, आणि ते योग्यच केले. तात्यांनी विचारले, "डॉक्टर, चिकटलेले सोडवून का नाही घेत?" डॉक्टर म्हणाले, "कधी ती चिकट नुसत्या सुजेची असते, कधी रोगाचीच. आत गेल्यावर डोळ्यांना फरक दिसत नाही. सोडवायला गेलो आणि रोग असला, तर मी रोगातून सुरी चालविली असे होईल. मग ही सगळी उठाठेव वाया." गाठीभोवती निरोगी मांसाची कड राहिली पाहिजे, निदान एक मिलिमीटरहून अधिक, असे ते म्हणाले. तात्या लेथवरचे कारागीर. त्यांचा हिशेब सुताचा, आणि एक सूत म्हणजे तीन मिलिमीटरांहून थोडे जास्त. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "मास्तर, ह्यांचं काम सुताच्याही तिसऱ्या हिश्श्यात आहे." इतक्या दिवसांत ते प्रथमच हसले, असे मला वाटते. समोरच्या माणसाच्या कामातली अचूकता त्यांना ओळखता आली, त्याने त्यांना धीर आला.

पण रात्री धर्मशाळेत ते म्हणाले, "एवढं काढल्यावर माझं उरणार काय?" मी काही बोललो नाही, मला सुचलेच नाही. काकू कपड्यांच्या घड्या करीत होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही उराल की. बाकीच्याचं मी बघते." तात्यांनी होकार द्यायला आणखी चार दिवस घेतले. तो वेळ डॉक्टरांनी दिला.

शस्त्रक्रिया २०२३ च्या एप्रिलात झाली आणि ती सुमारे अकरा तास चालली. तिचे वर्णन मी थोडक्यात करतो. आदल्या दिवशी परिचारिकेने तात्यांना बसवून, उभे करून, वाकवून पोटावर शाईने दोन खुणा केल्या. कमरेला पट्टा कुठे येतो, कामावर असताना एप्रनची नाडी कुठे बांधता, हेही विचारले. पिशवीची जागा चुकली तर ती जन्मभर गळत राहते, म्हणून या पाच मिनिटांच्या कामाला मी फार मानतो. दुसऱ्या दिवशी आतड्यांचे शल्यविशारद, मूत्रमार्गाचे शल्यविशारद आणि शेवटी, खालची मोठी जखम भरून काढण्यासाठी पोटाचा किंवा मांडीचा स्नायू फिरवून आणणारे, असे एकामागून एक टेबलाशी आले. काही रोग्यांत गाठ मागे हाडाला चिकटलेली असते, तेव्हा त्रिकास्थीचा खालचा भागही कापावा लागतो. स्त्रियांत पुष्कळदा गर्भाशय मध्ये असल्यामुळे मूत्राशयाला त्याची ढाल मिळते; तेव्हा गुदाशय आणि गर्भाशय एवढेच निघून लघवीचा मार्ग शाबूत राहतो.

मी त्या दिवशी बाहेरच्या बाकावर बसून आठवीच्या चाचणीचे पेपर तपासले. किती गुण दिले ते परमेश्वर जाणे.

शस्त्रक्रिया पार पडली म्हणजे जिंकलो, असे आम्हांला वाटले होते. ते खरे नव्हते. अवयव काढल्यावर ओटीपोटात एक पोकळी राहते. तिच्यात पाणी साचते, आतडी घसरून चिकटतात, पू होतो. सोळाव्या दिवशी तात्यांना थंडी वाजून ताप भरला. क्ष-किरणांच्या साहाय्याने पाठीकडून नळी घालून पू काढावा लागला, आणि आठवड्याचा मुक्काम महिन्यावर गेला. मोठ्या गुंतागुंती या शस्त्रक्रियेनंतर दर दहांतील तिघा-चौघांना होतात. मग प्रयोगशाळेचा कागद आला. कड स्वच्छ होती.

त्या एका वाक्यावर किती अवलंबून असते याचा हिशेब उपलब्ध आहे. अनेक देशांतील रुग्णालयांनी एकत्र येऊन, गुदाशयाच्या स्थानिक पसरलेल्या कर्करोगासाठी ही शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे १,३०० रोग्यांची पाहणी २०१९ साली प्रसिद्ध केली. पहिल्या महिन्यात दगावणारे शंभरांत एक-दोन होते. ब्रुन्श्विग यांच्या पाच-बावीसांशी हे ताडून पाहावे. दर पाचांपैकी चौघांची कड स्वच्छ निघाली. स्वच्छ कड असलेल्यांपैकी निम्मे ४३ महिन्यांहून अधिक जगले. सूक्ष्मदर्शकाखाली रोग दिसलेल्यांत हाच आकडा २१ महिने, आणि डोळ्यांना दिसणारा रोग मागे राहिलेल्यांत अवघे १० महिने. म्हणजे अर्धवट करण्यात या शस्त्रक्रियेचा जवळजवळ काहीच लाभ नाही, आणि दुःख मात्र पूर्ण आहे. म्हणूनच चांगले शल्यविशारद पुष्कळांना नाही म्हणतात. आमच्याच दालनातले एक वृद्ध गृहस्थ होते, त्यांचा रोग यकृतात आणि फुप्फुसांत ठिकठिकाणी गेलेला. त्यांना फक्त मळाची वाट पोटावर काढून दिली, वेदनेसाठी मॉर्फिन सुरू केले आणि घरी जा असे सांगितले. त्यांच्या मुलाला तो अन्याय वाटला. मला तसे वाटत नाही. वेदना शमविणे हे काही उपचार सोडून देणे नव्हे. वांद्र्याला १९८६ पासून शांती आवेदना सदन हे काम करीत आहे, आणि देशातली ती या प्रकारची पहिली संस्था समजली जाते.

आता पिशवीबद्दल. मला हे सर्वांत शेवटचे आणि किरकोळ वाटले होते, तात्यांच्या दृष्टीने ते सर्वांत मोठे निघाले. जुन्या काळी पोटावर मळाचे तोंड असलेल्या माणसांना कापडाचे पट्टे, धातूची भांडी किंवा रबरी पिशव्या बांधाव्या लागत. त्या गळत, वास सुटे, कातडी सोलून निघे, आणि माणूस घराबाहेर पडणे सोडी. १९५४ साली डेन्मार्कमध्ये एलिसे सोरेन्सन नावाच्या परिचारिकेने आपल्या बहिणीचे हे हाल पाहिले. बहीण तरुण होती, थोरा तिचे नाव, आणि ती लोकांत मिसळेनाशी झाली होती. एलिसेने चिकटणाऱ्या कडेची, वापरून टाकून देण्याजोगी प्लॅस्टिकची पिशवी कल्पिली. कारखानदार प्रथम ऐकेनात. आगे लुइस-हान्सेन या कारखानदाराच्या पत्नीने, ती स्वतः परिचारिका होती, नवऱ्याच्या मागे लागून ती बनवून घेतली. शल्यविशारदांची नावे पुस्तकांत सापडतात, सापडावीतही. पण ज्यांच्या कामामुळे शस्त्रक्रियेनंतरचे आयुष्य जगण्याजोगे झाले, त्यांत या दोन बायका मी पहिल्या रांगेत बसवीन.

पिशव्या स्वस्त नाहीत. शस्त्रक्रियेचा मोठा खर्च सरकारी योजनेतून निघू शकतो; २०१८ पासूनच्या आयुष्मान योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचा आधार आहे. पण पिशवी दर काही दिवसांनी लागते आणि जन्मभर लागते, आणि ती घरच्या खर्चातून येते. तात्यांनी पहिल्या वर्षी काटकसर म्हणून एकेक पिशवी दुप्पट दिवस वापरली आणि कातडी लाल करून घेतली. ज्यांना हा प्रसंग आला आहे त्यांची एक संघटना मुंबईत आहे, ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया. ती माणसे पिशवी कशी कापावी, कशी लावावी, प्रवासात काय करावे, हे स्वतःच्या अनुभवावरून शिकवितात. डॉक्टरांना हे पुस्तकातून ठाऊक असते, या माणसांना स्वतःच्या पोटावरून.

तात्या आता लेथवर उभे राहत नाहीत. जड उचलायचे नाही, नाहीतर पिशवीच्या कडेने आतडे फुगून येते, असे डॉक्टरांनी बजावले आहे. शेडीच्या मालकांनी त्यांना बसून करण्याचे काम दिले आहे. ते नव्या पोरांचे माप तपासतात आणि चुकले की ओरडतात. दर काही महिन्यांनी तपासणीला जातात. आतापर्यंत रोग परतलेला नाही. ते पूर्वीसारखे नाहीत, हेही सांगितले पाहिजे. लग्नकार्यात जेवायला बसणे टाळतात, रात्री दोनदा उठून पिशवी रिकामी करतात, आणि कधीकधी संध्याकाळी ओट्यावर बसून कोणाशीच बोलत नाहीत. काकू त्या वेळी त्यांना बोलावीत नाहीत, चहा शेजारी ठेवून जातात.

मागच्या महिन्यात बडवानीकडचा एक शेतकरी त्यांचा पत्ता शोधीत आला. पंचेचाळिशीचा असेल. त्याला हीच शस्त्रक्रिया सांगितली होती आणि तो नको म्हणून घरी परतला होता. अर्धा तास पीकपाण्याच्या गोष्टी झाल्या. मग तात्यांनी काकूंना आत जायला सांगितले, दार लोटले आणि सदरा वर केला. मी जाऊ लागलो तर म्हणाले, "मास्तर, तुम्ही बसा." त्या माणसाने दोन्ही पिशव्यांकडे बराच वेळ पाहिले. हात लावू का म्हणून विचारले, आणि बोटाच्या टोकाने हलकेच लावला. शेवटी म्हणाला, "ह्याच्यावर आंघोळ करता येते का हो?"

"रोज करतो," तात्या म्हणाले. "गरम पाण्यानं."